आधी विचारा, मग द्या

ठाण्यात, नौपाड्यात राहते. पोस्टात काउंटरवर नोकरी केली. निवृत्तीनंतर सकाळचा वेळ सिव्हिल हॉस्पिटलमध्ये, बाहेरगावहून आलेल्या पेशंटच्या नातेवाइकांसोबत जातो. समाजासाठी काही करू पाहणाऱ्या वाचकांच्या पत्रांना या सदरात मी उत्तरं देते. या वेळी ठाणे आणि नवी मुंबईतून बरीच पत्रं आली. त्यांतली काही इथे घेतली आहेत.

प्रश्न : ताई, नमस्कार. रबाळ्याच्या एका कारखान्यातून मेंटेनन्स सुपरवायझर म्हणून मी नुकताच निवृत्त झालो. राहायला ऐरोलीत. तब्येत ठणठणीत आहे, मुलं मार्गी लागली. समाजकार्य करावं असं फार वाटतं. काही संस्थांच्या कार्यक्रमांना जाऊन आलो, पण तिथे भाषणं, शाल-श्रीफळ आणि फोटो यातच सगळा वेळ गेला. सकाळचे दोन तास माझ्याकडे हमखास आहेत. सुरुवात कुठून करू?
— निवृत्त कामगार, ऐरोली

भाऊ, तुमच्या पत्रातलं ‘दोन तास हमखास’ हे वाचून मला फार बरं वाटलं. शाळा असो, हॉस्पिटल असो की वृद्धाश्रम, ठरल्या वेळी येणारा माणूस मिळावा म्हणून सगळे तळमळत असतात. उत्साहाने येणारे पुष्कळ असतात. पुढच्या आठवड्यात पुन्हा दिसणारे फार थोडे.

तुम्ही आयुष्यभर यंत्रं चालू ठेवलीत, तर त्याच हातांना काम द्या. घरापासून चालत जाता येईल अशी महापालिकेची शाळा गाठा. मुख्याध्यापकांना भेटा आणि शिपायाला वेगळं भेटा. कोणता नळ गळतो, कोणत्या वर्गातला पंखा नुसता आवाज करतो, मुलींच्या स्वच्छतागृहाची कडी कधीपासून तुटली आहे, हे शिपायालाच नेमकं माहीत असतं. ती कडी नसली की मोठ्या वर्गातल्या मुली शाळेत पाणीच पीत नाहीत, कारण मग जावं लागतं. कडी बसवायला तुम्हाला किती वेळ लागेल हे मी तुम्हाला काय सांगणार! विजेची मुख्य जोडणी आणि बांधकाम ही महापालिकेची कामं आहेत, त्यांना हात लावू नका. त्यासाठी मुख्याध्यापकांना अर्ज लिहायला मदत करा आणि त्या अर्जाचा पाठपुरावा करा. प्रश्न फारच अडकला तर दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी महापालिकेत आयुक्तांचा लोकशाही दिन, म्हणजे नागरिकांच्या तक्रारी ऐकण्याचा दिवस असतो. त्याचा अर्ज आधी द्यावा लागतो. वॉशर, बिजागरी, बाकाचा निघालेला खिळा यांसाठी मात्र इतकं थांबायची गरज नाही.

माझंही असंच झालं. पोस्टात असताना मी लोकांना मनीऑर्डरचे, बचत खात्याचे फॉर्म भरून देत असे. निवृत्त झाले आणि तेच काम सिव्हिलमध्ये नेलं. 2014 मध्ये पालघर जिल्हा वेगळा झाला, तरी जव्हार-मोखाड्याची माणसं अजून ठाण्याला येतात. शहापूर-मुरबाडची तर येतातच. पहाटेच्या एसटीने निघालेला माणूस केसपेपरच्या रांगेत उभा असतो, तेव्हा त्याच्या हातातल्या पिशवीत रेशनकार्ड, आधार, जुने रिपोर्ट आणि फडक्यात बांधलेली भाकरी एकत्र असते. कोणत्या खिडकीवर कोणता कागद लागतो, झेरॉक्स कुठे मिळते, सोनोग्राफीचा नंबर कधी लागेल, हे कुणी शांतपणे सांगितलं तर त्याला परतीची एसटी मिळते. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत उपचार बसतो का ते सांगायला, योजनेत असलेल्या हॉस्पिटलमध्ये आरोग्यमित्र असतो. पण तो कुठे बसतो हे पहिल्यांदा आलेल्या माणसाला कळत नाही. मी त्याला तिथपर्यंत घेऊन जाते.

एकदा मोखाड्याकडची एक बाई मुलाला घेऊन वॉर्डात होती. मी विचारलं, “बाय, काय आणू तुला?” मला वाटलं जेवण म्हणेल, मुलासाठी दूध म्हणेल. ती म्हणाली, “आणू नको काय. याच्यापाशी जरा बस. मला आंघोळ करून येऊ दे.” मूल अॅडमिट झाल्यापासून ती त्याच्या उशापासून हलली नव्हती. मी बसले. ती डोकं धुऊन, लुगडं बदलून आली आणि मग आम्ही दोघींनी चहा घेतला. तिला काय हवं होतं हे माझ्या मनाने मला कधीच सांगितलं नसतं. शाळेतही तसंच करा, भाऊ. आपल्याला काय येतं ते सांगा, त्यांना काय हवं ते विचारा, आणि पहिले काही आठवडे सूचना एकही करू नका.

प्रश्न : मावशी, मी 26 वर्षांची आहे, महापेला आयटी कंपनीत काम करते. दर महिन्याला 1,500 रुपये चांगल्या कामाला द्यायचे ठरवलेत. पण मोबाइलवर रोज कुणाच्या तरी ऑपरेशनसाठी आवाहन येतं, रडणाऱ्या बाळाचा फोटो येतो. खरं काय, खोटं काय? आणि टॅक्समध्ये सूट मिळते का?
— एक वाचक, नेरूळ

बाळ, फोटो पाहून रडू आलं तर त्याच क्षणी पैसे पाठवू नकोस. एक रात्र जाऊ दे. आवाहनात हॉस्पिटलचं नाव असतं, तिथे फोन करून वैद्यकीय समाजसेवकाशी बोल. पेशंट आहे का, खर्चाचा अंदाज किती, पैसे थेट हॉस्पिटलच्या खात्यात भरता येतील का, हे विचार. खरी गरज असलेलं कुटुंब या प्रश्नांनी दुखावत नाही. उलट कुणीतरी नीट चौकशी करतंय याचा त्यांना आधारच वाटतो.

पण दर महिन्याची रक्कम तू एखाद्या संस्थेला बांधून द्यावीस असं मला मनापासून वाटतं. महाराष्ट्रातल्या सार्वजनिक न्यासांची नोंदणी 1950 च्या कायद्याखाली धर्मादाय आयुक्तांकडे असते. नोंदणी क्रमांक माग, मागच्या वर्षाचा लेखापरीक्षण अहवाल माग. जी संस्था तो आनंदाने दाखवते तिथे अर्धं काम झालं. उरलेलं अर्धं तिथे प्रत्यक्ष जाऊन होतं. आधी कळवून जा, तासभर बस, आणि ज्यांच्यासाठी संस्था चालते ती माणसं कार्यकर्त्यांशी कशी बोलतात ते ऐक. मोकळेपणाने बोलत असतील, तक्रारसुद्धा करत असतील, तर तिथे पैसे दे.

एक गोष्ट तुझ्या पिढीला आवर्जून सांगते. “माझा सगळा पैसा थेट गरिबाला जाऊ दे, ऑफिसच्या खर्चाला नको,” असं म्हणू नकोस. पाड्यावर जाणाऱ्या कार्यकर्तीचा पगार हा ‘ऑफिसचा खर्च’ नाही, तेच खरं काम आहे. औषधांच्या खोक्यासाठी देणगीदार मिळतात, पण ती औषधं घेऊन चढण चढणाऱ्या मुलीच्या पगारासाठी कुणी मिळत नाही, म्हणून ती दोन वर्षांत दुसरी नोकरी धरते. तुझे 1,500 रुपये तिच्या पगारात गेले तर मला जास्त आनंद होईल. रक्कम लहान वाटत असेल तर अंताजी दामोदर काळ्यांचा पैसा फंड आठव. माणशी वर्षाला एक पैसा, अशा गोळा केलेल्या पैशांतून स्वदेशीच्या काळात, 1908 मध्ये, तळेगावला काचेचा कारखाना उभा राहिला.

करसवलतीचं असं आहे. ज्या संस्थेकडे प्राप्तिकर खात्याची देणगी-सवलतीची (80-जी) मान्यता आहे, तिला दिलेल्या देणगीवर जुन्या करप्रणालीत वजावट मिळते. रोख 2,000 रुपयांपेक्षा जास्त दिलेस तर त्यावर मिळत नाही, म्हणून बँकेतूनच पाठव आणि वर्षअखेरीला संस्थेकडून देणगीचं प्रमाणपत्र घे. तू नवी करप्रणाली घेतली असशील तर मात्र ही वजावट मिळत नाही. आधी कंपनीच्या अकाउंट्समध्ये विचारून ठेव. सूट नाही मिळाली तरी तू द्यावंस, इतकी गरज आपल्या आजूबाजूला आहे.

प्रश्न : आदरणीय ताई, माझ्या नातवाला आठवीत प्रकल्प दिला आहे : ‘आपल्या शहरातल्या एका दानशूर व्यक्तीचं चरित्र’. तो इंटरनेटवरून उद्योगपतींची नावं काढून बसलाय. ठाण्यातलं कोणी सांगाल का?
— एक आजोबा, चरई

काका, तुमच्या पत्राने माझी सकाळ उजळली. नातवाला घेऊन आधी मराठी ग्रंथसंग्रहालयात जा. 1 जून 1893 रोजी ते सुरू झालं. विनायक लक्ष्मण भावे आणि विष्णु भास्कर पटवर्धन हे त्याच्या स्थापनेमागचे प्रमुख. भाव्यांचा जन्म 1871 चा, म्हणजे तेव्हा ते ऐन विशीत होते. वाचनालय म्हणजे मुख्यतः इंग्रजी पुस्तकं अशा त्या काळात, मराठी ग्रंथ एका जागी जपले पाहिजेत हा ध्यास एका तरुणाने घेतला. पुढे जुन्या कवींच्या पोथ्या शोधत, जमवत त्यांनी मराठी वाङ्मयाचा इतिहास लिहिला. 1926 मध्ये ते गेले, पण संग्रहालय चालूच राहिलं. कुणी पुस्तकं दिली, कुणी वर्गणी भरली, कुणी कपाटं पुसली, कुणी वर्षानुवर्षं विनामूल्य कार्यकारिणीचं काम पाहिलं. नातवाला सांगा, त्या भल्या माणसांची नावं पुस्तकांच्या पहिल्या पानावरच्या शिक्क्यांत आणि ‘सप्रेम भेट’ या ओळीत सापडतील. ग्रंथपालांची परवानगी घेऊन अशी जुनी पुस्तकं पाहायला मिळाली तर त्याचा प्रकल्प वर्गात वेगळाच उठून दिसेल.

दुसरं नाव जगन्नाथ ऊर्फ नाना शंकरशेट यांचं. सगळे त्यांना मुंबईचे म्हणतात, पण त्यांचा जन्म आपल्या ठाणे जिल्ह्यातल्या मुरबाडचा, 10 फेब्रुवारी 1803. मुलींच्या शाळेसाठी स्वतःच्या वाड्यात जागा देणारा हा माणूस. त्या काळी मुलींना शिकवणं म्हणजे शेजाऱ्यापाजाऱ्यांचा, जातभाईंचा रोष ओढवून घेणं होतं, आणि नानांनी तो पत्करला. 16 एप्रिल 1853 ला बोरीबंदरहून पहिली आगगाडी ठाण्याला आली, तिच्यामागच्या खटपटीतही ते होते. नातवाला यातला एक धागा पुढे नेता येईल. नानांच्या नावाने संस्कृतसाठी शिष्यवृत्ती सुरू झाली. 1912 मध्ये ती चिंतामणराव देशमुखांना मिळाली, जे पुढे रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले. आणि आज ठाण्यात महापालिकेची जी प्रशासकीय प्रशिक्षण संस्था आहे, जिथे मुलं स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करतात, तिला नाव चिंतामणराव देशमुखांचं आहे. मुरबाडात जन्मलेल्या एका माणसापासून निघालेली ही ओळ ठाण्यातल्या अभ्यासिकेतल्या मुलांपर्यंत येते. मला ही गोष्ट लहान मुलांना सांगायला फार आवडते.

आणि माझं स्वतःचं आवडतं नाव सांगू का? विठ्ठल सायन्ना. आपलं सिव्हिल ज्यांच्या नावाने ओळखलं गेलं ते. जुन्या जागी नवी इमारत उभारण्याचं काम निघाल्यापासून हॉस्पिटल मनोरुग्णालयाच्या परिसरात हललं आहे. ते मनोरुग्णालयही 1901 पासूनचं, आणि त्यालाही नरोत्तमदास माधवदास या दात्याचं नाव होतं. म्हणजे ठाण्यात शरीराच्या आणि मनाच्या दुखण्यासाठी ज्या दोन दारांत गरीब माणूस शतकभर जात राहिला, ती दोन्ही दारं कुणा खासगी माणसाच्या दानाशी जोडलेली आहेत. तिथे बरे झालेल्या कितीकांनी ती नावं वाचलीही नसतील.

प्रकल्पात जन्म-मृत्यूच्या तारखांवर थांबू नका. हे होण्याआधी लोक काय करत होते, याचा पहिला उपयोग कोणाला झाला, आणि दाता गेल्यावर ते कोणी चालवलं, हे तीन प्रश्न त्याला शोधायला लावा. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर पुस्तकात मिळणार नाही, माणसांना भेटूनच मिळेल.

प्रश्न : घोडबंदर रोडवर माझ्यासमोर दुचाकीचा अपघात झाला. मी थांबलो, पण बाजूचे लोक म्हणाले, “पोलिसांच्या भानगडीत पडू नका, कोर्टात फेऱ्या माराव्या लागतील.” नेमका कायदा काय आहे?
— एक वाहनचालक, कासारवडवली

तुम्ही थांबलात, त्याबद्दल आधी मनापासून धन्यवाद. कायदा तुमच्या बाजूने आहे. सर्वोच्च न्यायालयाने 2016 मध्ये मदत करणाऱ्यांच्या संरक्षणाची मार्गदर्शक तत्त्वं बंधनकारक केली, आणि 2019 च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम 134-अ आलं. चांगल्या हेतूने जखमीला मदत करणाऱ्यावर दिवाणी किंवा फौजदारी जबाबदारी येत नाही. नाव-पत्ता सांगायची सक्ती पोलीस किंवा हॉस्पिटल करू शकत नाहीत. साक्षीदार व्हायचं की नाही हे तुम्ही ठरवायचं. हॉस्पिटल तुम्हाला अडवून ठेवू शकत नाही, अनामत रक्कमही मागू शकत नाही.

108 वर रुग्णवाहिका आणि 112 वर पोलीस, दोन्ही फोन करा. हेल्मेट ओढून काढू नका, जखमीला पाणी पाजू नका. बाजूच्या लोकांना रागावण्यापेक्षा हातवारे करून वाहतूक वळवायला लावा. हाताला काम मिळालं की माणसांची भीती जाते, असं मी पाहिलं आहे.

प्रश्न : आमच्या सोसायटीत दरवर्षी जुन्या कपड्यांची मोठी गोणी जमते, आणि मुलांचे वाढदिवस बालगृहात साजरे करायची टूम निघाली आहे. सेक्रेटरी म्हणून मला हे चांगलंच वाटतं, पण गेल्या वेळी बालगृहाच्या बाईंनी “आधी फोन करून या” असं जरा तुटकपणे सांगितलं. आमचं काय चुकलं?
— सोसायटी सेक्रेटरी, कोपरखैरणे

त्या बाईंचा राग धरू नका. सुट्टीच्या दिवशी एकामागून एक केक घेऊन येणारी माणसं, आणि प्रत्येक वेळी मुलांना ओळीत बसवून टाळ्या वाजवायला लावायचं, हे त्यांना रोज पाहावं लागतं. जिला आपला वाढदिवसच माहीत नाही अशी मुलगी तिथे असते. तिच्यासमोर दुसऱ्या मुलाने नवे कपडे घालून मेणबत्ती फुंकायची आणि तिने प्लेट धरून उभं राहायचं, यात तिला काय मिळालं याचा विचार कृपा करून करा. वाढदिवस घरी करा. त्यानिमित्ताने जे द्यायचं ते पालकांनी शांतपणे नेऊन द्यावं.

मुलांचे फोटो तर काढूच नका. बालन्याय कायद्याच्या (2015) कलम 74 नुसार संरक्षणाची गरज असलेल्या मुलांची ओळख, चित्र प्रसिद्ध करायला मनाई आहे. आणि कायदा नसता तरीही, तुमच्या मुलाचा फोटो कुणी ‘गरजू बालक’ म्हणून ग्रुपवर टाकलेला तुम्हाला चालला असता का?

कपड्यांची गोणी जमिनीवर ओता आणि एकेक कपडा हातात घ्या. धुतलेला आहे का? बटणं आहेत का? परकराला नाडी आहे का? चेन बसते का? जो कपडा आपल्या घरातल्या मुलाला आपण घातला नसता तो बाजूला काढा, त्याची फडकी करा. बाकीचे वयाप्रमाणे घड्या घालून, पिशवीवर लिहून द्या. पण त्याआधी फोन करा आणि काय हवंय ते विचारा. बहुतेक ठिकाणी उत्तर येईल : नवे अंतर्वस्त्र, सॅनिटरी पॅड, जूनमध्ये वह्या, पावसाळ्यात छत्र्या आणि वाळत घालायच्या दोऱ्या. अंतर्वस्त्रं कुणी कधी भेट देत नाही, आणि वयात येणाऱ्या मुलींना ती मागायची लाज वाटते. तुमच्या सोसायटीच्या महिला मंडळाने एवढी एकच गोष्ट वर्षभर नियमाने केली तर त्या बाई तुम्हाला चहा पाजल्याशिवाय सोडणार नाहीत.

प्रश्न : आमच्याकडे घरकाम करणाऱ्या ताईंच्या नवऱ्याला मोठ्या ट्रस्टच्या हॉस्पिटलमध्ये न्यावं लागलं. गरिबांसाठी तिथे खाटा राखीव असतात असं ऐकलंय, ते खरं आहे का?
— गृहिणी, वाशी

हो, खरं आहे. धर्मादाय कायद्याखाली नोंदलेल्या हॉस्पिटलांना मुंबई उच्च न्यायालयाने 2006 मध्ये लागू केलेली योजना पाळावी लागते. त्यांच्या 10 टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि आणखी 10 टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात असतात. एकूण बिलांच्या 2 टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत वेगळी काढायची असते. तातडीच्या वेळी आधी दाखल करून रुग्णाला स्थिर करायचं, अनामत रकमेसाठी अडवायचं नाही, असाही नियम आहे.

त्यांना एकटं पाठवू नका, सोबत जा. हॉस्पिटलच्या नावात ट्रस्ट आहे म्हणजे झालं असं नाही, ‘धर्मादाय नोंदणी आहे का’ असं स्वागतकक्षात विचारा आणि लगेच वैद्यकीय समाजसेवकाला भेटा. रेशनकार्ड आणि तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला लागतो. उत्पन्नाची मर्यादा वेळोवेळी बदलते, ती तिथेच विचारून घ्या. नकार मिळाला तर तो लेखी मागा आणि धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात तक्रार करा. एकच गोष्ट फार कळकळीने सांगते : दाखला आजारपण आल्यावर काढायला निघालं की हाल होतात. तुमच्या घरी, शेजारी काम करणाऱ्या ज्या कोणी ताई आहेत, त्यांचे दाखले आणि रेशनकार्डावरची नावं आत्ताच नीट करून द्या. तुमचा एखादा दिवस जाईल, पण पुढे त्यांच्या घरातलं सोनं विकायचं वाचेल.

प्रश्न : ताई, मी वस्तीतल्या मुलांना संध्याकाळी शिकवते. सासूबाई म्हणतात, “घरचं खाऊन लष्कराच्या भाकऱ्या भाजतेस.” नवरा बोलत नाही, पण त्याचा चेहरा उतरतो. मलाही आता थकवा येतो. सोडून देऊ का?
— एक शिक्षिका, कळवा

सोडू नका, पण आठवड्यातले दिवस कमी करा. दोन दिवस निवडा आणि ते मुलांना फळ्यावर लिहून द्या, म्हणजे उरलेल्या दिवशी ती दारात वाट पाहत थांबणार नाहीत.

कर्मवीर भाऊराव पाटलांच्या वसतिगृहात पैसे नव्हते तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले, शेवटी मंगळसूत्रही दिलं. ही गोष्ट आपण सगळे मान उंचावून सांगतो, आणि ती तशीच सांगितली पाहिजे. पण मला तिच्यात नेहमी दिसतं ते हे, की लक्ष्मीबाई त्या कामात होत्या. त्या मुलांना जेवायला वाढत होत्या, त्यांची आजारपणं काढत होत्या. काम दोघांचं होतं, म्हणून त्याग दोघांचा झाला. घरातल्या माणसाला कामाबाहेर उभं ठेवून त्याच्याकडून समजूतदारपणा मागितला तर चेहरा उतरणारच.

म्हणून सासूबाईंना एकदा वर्गावर घेऊन जा. शिकवायला नको, नुसतं बसायला. त्यांना ओव्या येत असतील, जात्यावरची गाणी येत असतील, पाढे पाठ असतील तर पाढे. वस्तीतली मुलं आजी मिळाली की कशी बिलगतात ते मी पाहिलंय. आणि नवऱ्याशी स्पष्ट बोला : “मला हे का करावंसं वाटतं, तुला यात काय खटकतं?” माझे यजमान होते तोवर रविवार आमच्या दोघांचा असे. त्या दिवशी मी हॉस्पिटलचा फोनही घेत नसे, आणि सोमवारी ते स्वतः माझा डबा भरून देत. ते कधी हॉस्पिटलमध्ये आले नाहीत, पण त्या डब्याशिवाय माझं एकही वर्ष निघालं नसतं.

तुमच्या थकव्याबद्दल आणखी एक. वस्तीतल्या नववी-दहावीच्या एखाद्या मुलीला लहान वर्गाची जबाबदारी द्या. तिला थोडं मानधन मिळेल अशी सोय पाहा. हे सदर वाचणाऱ्यांपैकी कुणी कळव्याच्या आसपास असेल आणि अशा मुलीचा वर्षाचा वह्या-पुस्तकांचा खर्च उचलायला तयार असेल तर मासिकाच्या पत्त्यावर मला पत्र लिहा, मी तुमची गाठ घालून देईन.

प्रश्न : माझं वय 74. मला मधुमेह आहे, मोतीबिंदूची ऑपरेशनं झाली आहेत. तरी नेत्रदान करता येईल का? मुलाजवळ विषय काढला की तो टाळतो.
— एक आजी, घणसोली

करता येतं, आजी. चष्मा, मधुमेह, मोतीबिंदूचं ऑपरेशन यांची अडचण नसते. बुबुळाचा पारदर्शक पडदा वापरतात, आणि तो चांगला आहे की नाही ते नेत्रपेढीचे डॉक्टर ठरवतात. मृत्यूनंतर सहा तासांच्या आत, शक्य तितक्या लवकर, हे पडदे काढावे लागतात. पंधरा-वीस मिनिटांचं काम आहे, चेहरा विद्रूप होत नाही.

तुम्ही फॉर्म भरला तरी शेवटी संमती घरच्यांची लागते, म्हणून मुलाशी बोलणं टाळून चालणार नाही. तो ऐकत नसेल तर सुनेशी बोला, मोठ्या नातवंडांशी बोला. ती लवकर ऐकतात. नेत्रपेढीचा नंबर फोनजवळ मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा आणि त्याखाली हेही लिहा : पापण्या मिटवायच्या, त्यांवर ओला कापूस ठेवायचा, डोक्याखाली उशी, पंखा बंद. फोन करणाऱ्याने पत्ता सांगताना जवळची खूण सांगावी, आणि डॉक्टरांनी दिलेला मृत्यूचा दाखला तयार ठेवावा. रात्री-अपरात्रीही फोन करायला संकोच करायचा नाही, नेत्रपेढीची माणसं त्या वेळीही येतात.